कोहळ्याची पहिली चीर

माझं वय बेचाळीस. दोन लेकरं आहेत, शिलाई मशीन आहे, गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज माझ्या हातचे आहेत. तरी दिघोरीत मी अजून गुड्डीच आहे, कारण मला गावातच दिली. माहेर आणि सासर यांच्यामध्ये चार गल्ल्या आणि एक बोडी, म्हणजे लहानसं तळं. ज्या पोरींना लांब दिलं त्या दिवाळीला येतात, चार दिवस पाहुणचार खातात, साडी घेऊन रडत रडत परत जातात. मला कधी कुणी रडून निरोप दिला नाही. मी सकाळी येऊन गेले तर दुपारी पुन्हा बोलावणं येतं. गॅस संपला, बोलवा गुड्डीला. डोळ्यात औषध टाकायचंय, बोलवा गुड्डीला. कोठ्याच्या छपरावर माकडं बसली, तरी गुड्डीच.

बोलावणारी माझी आई, शकुंतलाबाई. सत्तरीला आली. अंगाने काडी, पण आवाज असा की बोडीच्या पाळीवरून हाक मारली तर माझ्या मशीनची सुई थांबते. बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली. कोठ्यातली जनावरं विकली, धानाची शेती बटईने दिली, आणि मग बाईने सगळा जीव घराच्या मागच्या सांदवाडीत ओतला. जागा किती, तर पंधरा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद. त्यात वांगी, मिरची, सांबाराचे म्हणजे कोथिंबिरीचे वाफे, दोडक्याचा मांडव, एक लिंबाचं झाड आणि पालकाच्या दोन ओळी. आंघोळीचं पाणी दांडाने वांग्याला जातं, भांड्यांचं पाणी मिरचीला. मी आले की हातसुद्धा वांग्याच्या बुडाशी धुवायचे. एकदा मोरीत धुतले तर दिवसभर बोलली नाही माझ्याशी. म्हणजे बोलली, पण वांग्याशी बोलली आणि मला ऐकवलं.

आणि भुरं कोहळं. हे आमच्या घराचं खरं दैवत. मार्गशीर्षात आई कोठ्याच्या भिंतीशी खड्डा करून शेणखत भरते, चार बिया टोचते. वेल भिंतीवरून छपरावर चढतो आणि रिकाम्या कोठ्याची कवेलू, म्हणजे कौलं, पानांनी झाकून टाकतो. उन्हाळा लागता लागता त्याला कोहळी धरतात. हिरवी, लवदार, मग हळूहळू मोठी होतात आणि अंगावर राख फासल्यासारखी पांढरी भुरी चढते. भुरी चढली की कोहळं पिकलं. मग ते किसायचं, पिळायचं, उडदाच्या वाटलेल्या डाळीत जिरं-हिंग-मिरची घालून कालवायचं आणि कडक उन्हात वड्या घालायच्या. त्या वड्यांची भाजी पावसाळाभर चालते.

नियम मात्र फार. कोहळ्याकडे, ते कापेपर्यंत, सरळ बोट दाखवायचं नाही, ते सडतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून दाखवायचं. लहानपणापासून माझ्या सरळ बोटावर जेवढ्या चापट्या बसल्या तेवढ्या शाळेत पट्ट्या बसल्या नाहीत. दुसरा नियम याहून मोठा. अख्खं कोहळं बाईने कापायचं नाही. कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, त्याच्यावर बाईने सुरी कशी चालवायची, असं म्हणतात. पहिली चीर पुरुषाने द्यायची. एकदा त्याने सुरी टेकवून टचकन एक चीर दिली की मोकळं. पुढचं सोलणं, किसणं, पिळणं, डाळ वाटणं, वड्या घालणं, कावळे हाकलणं, उलटवणं, डब्यात भरणं, सगळं बाईने केलं तरी कोहळ्याची काही हरकत नसते.

बाबा होते तोवर चीर बाबा देत. ते गेल्यावर ते काम माझ्या धाकट्या भावाकडे, प्रविणकडे गेलं. प्रविण नागपूरजवळ एका कारखान्यात आहे. बायको-पोरांसह तिकडेच राहतो. नागपूर म्हणजे काही परदेश नव्हे. एसटीने यायचं म्हटलं तरी चार तास. पहिली दोन-तीन वर्षं तो सांगितल्या दिवशी आला. नंतर आठ दिवस उशिरा, मग पंधरा दिवस. दिवाळीला तो सासुरवाडीला जातो, पोळ्याला सुट्टी नसते. थोडक्यात सांगायचं तर वर्षातून एकदा हक्काने बोलवायला आईकडे एकच कारण उरलं होतं, आणि ते कोठ्याच्या छपरावर पिकत होतं.

यंदा वेलाला सात कोहळी लागली. सात म्हणजे जास्तच. आईने मोजली ती मुडपलेल्या बोटाने. पाडव्याच्या आठवड्यात सातही पांढरीफेक झाली. मी त्याच वेळी म्हटलं होतं की तोडून घरात ठेवू.

"तोडलेलं कोहळं घरात चार महिने टिकते," मी म्हटलं. "वर कायले ठेवतं?"

"बाबू येईन न, तोच चढन छपरावर," आई म्हणाली. प्रविण तिचा अजून बाबूच. "तोडन बी तोच, कापन बी तोच."

म्हणजे आता तोडण्यालाही पुरुषाचा हात लागायला लागला. हा नियम आजवर नव्हता, तो तिने यंदा नवा काढला. मी डोक्याला हात लावला आणि मशीनवर येऊन बसले. लग्नसराई होती, एकवीस ब्लाउज बाकी होते.

पाडव्याला प्रविणचा फोन आला. "आई, आज नाही जमून राहिलं, रामनवमीले येतो." रामनवमीला म्हणाला, शिफ्ट बदलली. त्याच्या पुढच्या रविवारी पोराचा काहीतरी कार्यक्रम निघाला. दर वेळी आई एकच बोलायची.

"ये आरामात, बाबू. वेलावर हाय, काई बिघडत नाही."

शेजारी कवडूकाका राहतात. बाबांचे चुलतभाऊ. भला माणूस. त्यांनी एकदा कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, मी चढतो, काढून देतो. चीर बी देतो. कोहळ्याले का समजते कोणाचा हात हाय ते?"

"घरचा माणूस असून दुसऱ्याचा हात कायले लावू?" आई म्हणाली. कवडूकाका बिचारे कुंपणावरून मागे फिरले. मी त्या क्षणी तिला टोकलं नाही याचा मला अजून राग येतो. घरचा माणूस म्हणे. चार गल्ल्यांवरून दिवसातून तीनदा येते ती कोण?

तो मंगळवार होता, एप्रिलचा मधला. सकाळपासून अंगाची आग होत होती. झाडाचं पान हलत नव्हतं. तीनच्या सुमाराला आईचा फोन आला की अंगणात मिरच्या वाळत घातल्या आहेत, आभाळाचं काही खरं दिसत नाही, ये. हातातला ब्लाउज अर्ध्या बाहीवर सोडून मी गेले. मिरच्या गोळा करून पोत्यात भरेपर्यंत पश्चिमेकडे काळं झालं होतं, आणि त्या काळ्यात एक हिरवट झाक होती. ती पाहून मला बरं वाटलं नाही. मग वावधन सुटलं. धुळीने समोरचं घर दिसेना. दोडक्याचा मांडव एका बाजूने उचलला गेला. पावसाचे चार मोठे थेंब पडले, आणि मग न्हाणीवरच्या टिनावर ठण्ण आवाज आला.

पहिली गार अंगणात उडी मारून माझ्या पायाशी आली. आवळ्याएवढी होती. दुसरी तिच्याहून मोठी.

आईने आधी चुलीपाशी जाऊन तवा आणला आणि अंगणात पालथा भिरकावला. आमच्याकडे गारा थांबाव्यात म्हणून असं करतात. तवा दूर जाऊन तुळशीच्या कुंडीवर आपटला, कुंडीचा काठ गेला, गारा काही थांबल्या नाहीत. मग ती गोधडी घेऊन मागच्या दाराकडे धावली. मला आधी कळेचना ही कुठे निघाली. शिडीकडे निघाली होती. सत्तर वर्षांची बाई, आवळ्याएवढ्या गारांत, ओल्या शिडीवरून कवेलूच्या छपरावर चढून कोहळ्यांना गोधडी पांघरणार होती.

मी तिचा दंड धरला. ती सुटायला बघत होती आणि अंगात एवढा जोर कुठून आला होता देव जाणे. उंबरठ्यावर आम्हा मायलेकींची अक्षरशः झटापट चालली होती आणि बाहेर कवेलू फुटत होती.

"सोड मले, गुड्डे. बाबूचे आहेत ते."

"मरशील न तू," मी ओरडले.

"बाबूचे आहेत," ती पुन्हा म्हणाली. मग तिच्या अंगातला जोर गेला आणि ती तिथेच उंबरठ्यावर बसली. मी गोधडी तिच्याच अंगावर टाकली. छपरावरून एक कोहळं घरंगळताना आम्हाला दिसलं, मग दुसरं. कोहळं फुटल्याचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ओला, जड आवाज असतो.

पंधरा मिनिटं चाललं असेल. थांबलं तेव्हा सांदवाडी ओळखू येत नव्हती. वांग्याच्या झाडांना एक पान नव्हतं, नुसत्या काड्या उभ्या आणि त्यांवर एक-दोन फाटकी वांगी. मिरची आडवी झाली होती. पालक चिखलात कुटला गेला होता. मांडव जमिनीवर झोपलेला, लिंबाखाली पोपटी लिंबांचा सडा, आणि सगळ्यावर पांढऱ्या गारांचा थर. चार महिन्यांचं आंघोळीचं पाणी, चार महिन्यांचं शेण, आणि रोज सकाळी वाकून काढलेलं गवत, सगळं पाव तासात गेलं. मला रडू आलं नाही, संताप आला. कुणावर करायचा तेवढं कळत नव्हतं. आभाळाशी तर भांडता येत नाही.

तेवढ्यात समोरची चंद्रकांता बाटली घेऊन आली. गारांचं पाणी जपून ठेवलं की घामोळ्यांवर गुणकारी असतं असं सगळ्याच घरात मानतात, आम्हीही भरून ठेवतो. पण तिच्या अंगणात काय गारा पडल्या नव्हत्या? म्हणे तुमच्या मागं सावलीत मोठ्या मोठ्या राहिल्या आहेत. आणि वाकून वेचता वेचता सांबाराचा जो एक वाफा भिंतीच्या आडोशाने वाचला होता, तो तिने तुडवला.

"चंद्रकांताबाई, पायाखाली पाहाल का जरा," मी म्हटलं.

"अवो, आता राहिलं काय पाहाले," ती म्हणाली, आणि तेही खरंच होतं.

मी फुटकी कवेलू गोळा करायला लागले, आई कोहळी शोधायला. तीन छपरावरच फुटली होती. तीन खाली पडून त्यांचे फाळके झाले होते. सातवं मला कुठे दिसेना. मग कोठ्याच्या मागून आई आली, पदरात काहीतरी गुंडाळून, तान्हं पोर धरावं तसं छातीशी धरून. छपरावरून ते मागच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगावर पडलं होतं.

"एक साबूत हाय," ती म्हणाली.

मी बघायला हात पुढे केला तर म्हणाली, "तुये हात चिखलाचे," आणि सरळ आत घेऊन गेली. तिचे हात कुठे चंदनाचे होते. पण मी तेव्हा काही मनात आणलं नाही.

बाहेर आली तेव्हा मी फुटलेल्या सहा कोहळ्यांकडे बघत उभी होते. फुटलेलं कोहळं ठेवता येत नाही, एका दिवसात आंबतं. मला टोमणा मारायचाच होता, म्हणून विचारलं, "मंग? आता हे कोण कापन? फोन लावू का प्रविणले?"

आईने घमेलं माझ्या हातात दिलं. "गारीनं चीर देल्ली. आता आपल्याले चालते."

मी तिच्याकडे बघत राहिले. बेचाळीस वर्षं माझा हात चालला नाही. बाबा तापाने फणफणले होते त्या वर्षी त्यांना खाटेवरून उठवून चीर द्यायला लावली, तेव्हा मी शेजारी सुरी घेऊन उभी होते, तरी मी चालले नाही. आणि आभाळातून पडलेल्या बर्फाच्या तुकड्याला मात्र पुरुषाचा मान. हे मी मोठ्याने बोलले. आई म्हणाली, डाळ भिजत टाक.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले. डाळ वाटली, सहा कोहळ्यांच्या फाळक्यांतली माती आणि कवेलूचे तुकडे काढले, किसलं, पिळलं, खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरून वड्या घातल्या. बोटं सोलवटली. दहा वाजता आभाळ आलं. दोन दिवस ऊन म्हणून पडलं नाही. वड्या आत घेतल्या, पंख्याखाली ठेवल्या, वीज गेली, पुन्हा बाहेर आणल्या. तिसऱ्या दिवशी ऊन आलं तेव्हा अर्ध्या वड्यांना आंबूस वास सुटला होता. त्या मी खताच्या खड्ड्यात टाकल्या. तिकडे माझ्याकडे दोन नवरी मुलींच्या आया ब्लाउजसाठी चकरा मारत होत्या आणि एक तर तोंडावर बोलून गेली.

प्रविणला गारपिटीच्या संध्याकाळीच फोन केला होता. स्पीकर चालू करून मी आईपुढे धरला.

"सगळे फुटले? अरेरे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण लगेच त्याच्या आवाजात एक सुटकाही आली. "मंग आता येऊन तरी काय करू, आई? जून लागला का मोठी सुट्टी काढतो."

आई घाईघाईने फोनजवळ आली. "नाही नाही, एक हाय. एक साबूत हाय, बाबू. तणसावर पडलं."

प्रविण म्हणाला, "बरं. मंग येतो रविवारी."

ते एक कोहळं आईने पुढच्या खोलीत धानाच्या ढोलीशेजारी पाटावर ठेवलं. घागर डोक्यावर घेताना वापरतात ती कापडाची चुंबळ खाली, म्हणजे घरंगळणार नाही, आणि वरून हळदीकुंकवाचं बोट. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, गारपिटीतून एवढं वाचलं, बाबू येऊन कापणार आहे. उद्ध्वस्त सांदवाडीकडे ती ढुंकून बघत नव्हती. वांग्याच्या काड्या मीच उपटल्या. मिरचीची आठ झाडं मातीची भर देऊन मीच उभी केली, त्यातली पाच जगली.

रविवारी प्रविण आला नाही. दुपारी बारापर्यंत आईने भात टाकला नव्हता, त्याच्यासोबत जेवायचं म्हणून. मग त्याचा मेसेज आला, माझ्याच फोनवर. पुढच्या रविवारी नक्की.

माझं टाळकं सरकलं. मी घरात आले आणि त्या कोहळ्यासमोर उभी राहिले. "काय ठेवलं हाय यात?" मी म्हटलं. "मी मरमर मरतो इथं, माया हात पाहा कसे झाले, आणि तुयं सगळं ध्यान ह्याच्यात. हे, हे कोहळं." आणि मी बोट दाखवलं. सरळ, ताठ बोट, अगदी कोहळ्याच्या नाकासमोर.

चापट बसली नाही. आई पदराने ढोली पुसत राहिली.

घरी येऊन मशीनवर बसले तरी ते माझ्या डोक्यातून जाईना. माझ्या रागाला ती घाबरली असेल, असं आधी वाटलं. पण माझ्या रागाला ती कधीच घाबरत नाही. बोट सरळ झालं आणि ती गप्प राहिली, हे या घरात होऊच शकत नव्हतं. ज्याला अजून सडायची भीती आहे त्यालाच बोटापासून जपायचं असतं ना.

सोमवारी सकाळी ती बोडीवर कपडे घेऊन गेली तेव्हा मी पुढच्या खोलीत गेले आणि कोहळं दोन्ही हातांनी उचललं. चुंबळ ओली होती. कोहळं उलटं केलं. बुडाला, चुंबळीत लपेल अशा जागी, करंगळीएवढी लांब चीर होती, आणि तिच्यावर चुना थापलेला होता. आई तंबाखूला लावते तोच चुना, बोटाने दाबून दाबून भरलेला. जुना थर वाळून तडकला होता, त्यावर नवा दिला होता. कोणत्या दिवसापासून, हे विचारायची गरज नव्हती. मला हात लावू दिला नव्हता तो दिवस मला आठवला.

म्हणजे सातही फुटली होती. तिच्याच नियमाने हेही त्याच संध्याकाळी कापायला आम्हाला चाललं असतं. कुणाची वाट पाहायची गरजच नव्हती.

मला भयंकर राग आला. मनातल्या मनात सगळं भांडण मांडून ठेवलं, ती आली की एकेक काढायचं म्हणून. मग ती आली, ओल्या कपड्यांची बादली घेऊन, वाकलेली, आणि आत येताच पहिली नजर तिने पाटावर टाकली. माझ्यावर नाही, पाटावर. मी कोहळं तोवर जसंच्या तसं ठेवलं होतं, चीर खाली.

"हालवलं तं नाही न?" तिने विचारलं.

"मी कायले हालवू," मी म्हटलं.

माझी कुणी अशी वाट पाहावी असं मला वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. मी रोज येते म्हणून माझी वाट पाहायची पाळीच कुणावर येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं, बेचाळिसाव्या वर्षीही वाटतं. घरी गेले आणि प्रविणला फोन लावला.

"ते कोहळं फुटलेलं हाय," मी म्हटलं.

"आई तं म्हणे साबूत हाय."

"साबूत नाही. त्याच दिवशी चीर गेली त्याले. चुना लावून ठेवला तिनं, खालून."

तो मग म्हणाला, "मंग कापून टाका न तुम्ही. गारीनं फुटलेलं तुमाले चालते म्हणे."

"हो. चालते," मी म्हटलं. "तरी तिनं कापलं नाही. एवढा शिकला न तू, आता तूच समज." आणि फोन ठेवला. मग कितीतरी वेळ मला दोरा ओवता येईना.

रविवारी प्रविण आला. अकराच्या गाडीने, एकटाच, हातात संत्र्यांची पिशवी. आईने भात लावलेला होता, सुरी धुऊन तिला हळदकुंकू लावून ठेवली होती. दोन दिवसांपासून त्या खोलीत बारीक वास येत होता आणि आईने सकाळपासून दोनदा उदबत्ती लावली होती. मी दारात उभी राहिले.

प्रविण पाटासमोर बसला. त्याने कोहळं चुंबळीवरून उचललं आणि फिरवलं. फोनवर ऐकणं वेगळं आणि हाताला लागणं वेगळं. चुन्यावर आईच्या बोटाचे ठसे होते. तो बराच वेळ त्या ठशांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं. मी बाहेर, अंगणातल्या काठ फुटलेल्या तुळशीकडे बघितलं.

त्याने सुरी बरोबर त्या चिरेवर ठेवली आणि दाबली. जोर लावावाच लागला नाही. तपकिरी पाणी पाटावर आलं आणि वास एकदम खोलीभर झाला. एका बाजूचा तिसरा हिस्सा काळा पडला होता. बाकीचं पांढरं होतं, खाण्याजोगं.

सुरी तशीच हातात धरून त्याने खाली बघतच विचारलं, "आई, केव्हाची चीर हाय हे?"

"आत्ता तूच तं देल्ली, बाबू," आई म्हणाली.

सुरी त्याच्या हातातून आईनेच घेतली. सडलेला भाग काढून बाजूला केला, बिया वाटीत वेचून घेतल्या, त्याला हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं. वांग्याच्या बुडाशी धू म्हणून सांगितलं नाही. मग तिने चांगलं उरलेलं कोहळं परातीत ठेवलं आणि किसणी माझ्याकडे सरकवली.